टिंब आणि दंड : खानदेशातून पाहिलेला पूर्णविराम



भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की रावेर मागे पडतं आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येतं. केळीच्या बागा त्याच, तापी तीच, बाजारातलं बोलणंही कानाला फारसं परकं नाही. पण फलाटावर वर्तमानपत्र विकत घेतलंत तर त्यातलं प्रत्येक वाक्य एका उभ्या रेघेशी थांबलेलं दिसेल. लिपी तीच देवनागरी, क ख ग तेच. रावेरला वाक्य टिंबाशी थांबतं, बुऱ्हाणपूरला दंडाशी. पश्चिमेला नवापूरकडे गेलात आणि गुजराती पेपर उघडलात, तर लिपीची शिरोरेघ गेलेली असते, पण टिंब मात्र आपलंच असतं. खानदेशच्या दोन बाजूंना दोन वेगळे शेजारी आहेत, म्हणून हा फरक इथल्या माणसाच्या डोळ्यांत भरतो. पुण्याच्या माणसाला तो सहसा जाणवत नाही.

आजचा विषय हा एवढासा ठिपका आहे. धुळ्याच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांना मी विषय कळवला तेव्हा पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. तासभर टिंबावर काय बोलणार, असं त्यांच्या मनात आलं असावं. मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं : मराठीत पूर्णविराम बहुतेक वेळा बोलणाऱ्यानं दिलेला नसतो, तो दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो. आणि तो दुसरा कोण, हे पाहायला खानदेशइतकी चांगली जागा दुसरी नाही.

आधी दंडाचं पाहू. दंड आपल्याकडे नव्हता असं नाही. उलट तो इतका कामात गुंतलेला होता की वाक्याच्या शेवटी उभं राहायला त्याला सवडच नव्हती. पहिलं काम पद्याचं. अर्ध्या श्लोकाला एक दंड, श्लोक संपला की दोन. ओवी संपली की दोन दंड आणि त्यांच्यामध्ये आकडा. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जो प्रसिद्ध शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, शके ११२८ च्या सुमारास कोरवलेला, त्याचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांचा आहे आणि शेवटी जुनी मराठी येते. पहिल्या भागात वंशाची थोरवी आणि ज्योतिषाच्या मठाची हकिकत; मराठी भागात मठाला बाजारातून काय आणि किती मिळावं याचा हिशेब. थोरवी पद्यात सांगायची आणि देणंघेणं गद्यात, ही आपली फार जुनी रीत आहे. दंड मुळात त्या पद्याच्या घरचा.

दुसरं काम हिशेबाचं. इथं जुन्या अडत्यांच्या घरातली मंडळी बसली असतील, त्यांनी आजोबांच्या वह्या पाहिल्या असतील. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, २॥ म्हणजे अडीच. कापसाचा भाव, सोन्याचा तोळा, सगळं याच रेघांवर चालायचं. अशा वहीत वाक्य संपलं म्हणून कुणी एक दंड मारला असता, तर संध्याकाळी मेळ घालताना पाव रुपया जास्त निघाला असता.

तिसरं काम शब्द तोडण्याचं. मोडी कागदांत 'ता॥', 'रा॥', 'मा॥' अशी अक्षरं जागोजागी दिसतात. पुढचा शब्द वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा. म्हणजे आज 'वि. का. राजवाडे' यातलं टिंब जे काम करतं, ते काम दोन दंड करत होते. पुढे छापखान्यांत काही काळ यासाठी शून्यही वापरलं गेलं, 'रा० रा०' असं. हिंदीत 'डॉ०' अजून कधीमधी दिसतो.

श्लोक, पावकी आणि आद्याक्षरं, एवढा व्याप एका रेघेच्या मागे. मग गद्य वाक्याचा शेवट कसा कळायचा? मोडीत तर शब्दांमध्येही जागा नाही. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि तिला अक्षरं लटकवत जायचा. बोरू शक्यतो उचलायचा नाही, कारण थांबला की वेळ गेला. तरीही कारकुनापासून सरदारापर्यंत सगळ्यांना ते वाचता येत होतं. याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'आले', 'केले', 'पाठविले असे', 'आज्ञा केली' हे कानावर पडलं की वाक्य संपलं. अहिराणीत तर 'शे' म्हटलं की संपलंच. बखरकाराला वाक्य लांबवायचं असलं तर तो 'येऊन', 'घेऊन', 'मसलत करून' अशी साखळी ओढत न्यायचा आणि हवं तिथे क्रियापदानं आवळायचा. त्यासाठी खुणेची गरज पडत नव्हती. गरज होती ती मोठ्यानं वाचणाऱ्या माणसाची. कागद वाचून दाखवण्यासाठीच असायचा, आणि वाचणारा आपल्या दमाप्रमाणे थांबायचा.

पत्र संपलं हे सांगायची मात्र पक्की व्यवस्था होती. 'बहुत काय लिहिणे' आलं की मजकूर संपला. त्याखाली शिक्का. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा असते. पुढे पेशवाईत 'लेखनसीमा' असे शिक्के आले. या रेषेच्या खाली कुणी काही वाढवू नये एवढाच त्याचा अर्थ. मला तर हाच जुन्या मराठीचा खरा पूर्णविराम वाटतो : एका पत्राला एकच. आणि तो सत्तेचा आहे, श्वासाचा नाही. आपल्या जिल्ह्यांतली दुसऱ्या चांगदेवाची कथा, तापी-पूर्णेच्या संगमावरच्या योग्याची, आठवून पाहा. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर अधिकार मोठा. नमस्कार लिहावा तर पोर लहान. शेवटी कोरा कागद पाठवला आणि त्याला उत्तर पासष्ट ओव्यांचं आलं. मराठी पत्राची अडचण नेहमी सुरुवातीला असते, शेवट ठरलेलाच असतो.

आणखी एक साक्ष धुळ्यातच आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये इथं सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी बाडं गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिर ही त्याच कामाची पुढची पायरी. देवांनीच दासबोधाची विश्वसनीय प्रत छापून मराठी घराघरांत पोचवली. त्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. बाळबोध अक्षर कसं असावं, काने-मात्रा-वेलांट्या कशा नीट असाव्यात, अक्षरांत पैस किती, पानाच्या भोवती जागा कशी सोडावी, शाई आणि बोरू कसे असावेत, इतकं बारीक सांगितलं आहे की आजच्या पुस्तक-मांडणीकारानं ते समोर ठेवून काम करावं. पण वाक्याच्या शेवटी काय करावं याचा प्रश्नच तिथं उठत नाही. ओवीला तो पडत नाही. ती आपली आपण थांबते.

आता टिंब. त्याचा जन्म आपल्याकडचा नाही, म्हणून तिथलं लवकर उरकतो. इसवी सनापूर्वी दोनेकशे वर्षं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख अॅरिस्टोफेनिस यानं ग्रीक मजकुरात टिंबं घालायची युक्ती काढली. टिंबाची उंची बदलली की थांबण्याची लांबी बदलायची, आणि वरचं टिंब म्हणजे विधान पूर्ण. वाचून दाखवणाऱ्यासाठी ती सोय होती. पुढे लॅटिन लेखनिकांच्या हाती आणि मग छापखान्यात ते टिंब खाली उतरून ओळीवर बसलं. युरोपला तिथवर यायला दीड हजार वर्षांहून जास्त लागली. मराठीनं तेच काम एका पिढीत उरकलं.

ते उरकणाऱ्याचं नाव मेजर थॉमस कँडी. जन्म १८०४, हिंदुस्थानात आगमन १८२२. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचा हात होता. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्याच्या नावावर आहे. १८५० मध्ये त्यानं 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, सगळं बिऱ्हाड इंग्रजीतून उचललं आणि मराठीत मांडलं. लोकांचे डोळे त्याआधीच सरावू लागले होते म्हणा. १८३२ च्या 'दर्पण'मध्ये बाळशास्त्री जांभेकर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी छापत होते. पण सराव एक आणि नियम एक. कँडीच्या हातात शाळेची पुस्तकं होती. सरकारी मराठी क्रमिक पुस्तकं त्याच्या नजरेखालून जात, आणि लहानपणी वाचलेल्या पुस्तकात जिथं टिंब, तिथंच मोठेपणी माणूस थांबतो.

मग उत्तरेत दंड का राहिला? हे निव्वळ लिपीनं ठरलं असतं तर हिंदी आणि मराठी एकाच बाजूला असत्या. नकाशा काढून पाहा : मराठी, गुजराती, कन्नड, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या भाषांनी टिंब घेतलं. मद्रास इलाख्यातल्या तमिळ, तेलुगू, मल्याळम यांनीही तेच केलं. हिंदी, बंगाली, असमिया, ओडिया, पंजाबी यांनी स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह इंग्रजीचं घेतलं, पण वाक्याचा शेवट दंडाकडेच ठेवला. माझं मत असं की हा फरक ज्या त्या ठिकाणच्या छापखान्यांनी आणि क्रमिक पुस्तकांनी केला. भाषेच्या प्रकृतीचा यात फार थोडा भाग असावा. नागपूरकडची मराठी मध्य प्रांतात हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसली होती, तरी तिनं टिंबच धरलं. निर्णयसागर छापखाना घ्या. जावजी दादाजींच्या त्या मुंबईच्या कारखान्यातून संस्कृत ग्रंथ निघत ते दंडांनी आणि मराठी पुस्तकं निघत ती टिंबांनी. दोन्हींचे खिळे एकाच घरचे. कोणता उचलायचा हे भाषेप्रमाणे ठरायचं.

कँडीवर टीकाही खूप झाली. त्यानं मराठीला इंग्रजी वळण लावलं ही तक्रार खोटी नाही. पण त्याच्या खुणांवाचून चालेल असं मात्र कुणी म्हटलं नाही. टीका करणाऱ्यांनाही आपलं भांडण मांडायला अर्धविराम लागत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ती लांब, गिरक्या घेणारी, एका वाक्यात चार जणांना टोला देणारी वाक्यं कँडीच्या चिन्हांशिवाय कोसळली असती. राजवाड्यांचंही तेच.

आणि राजवाडे म्हटलं की आपण धुळ्यातच येतो. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली आणि २२ खंड काढले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, तिथं बिनसलं, आणि शेवटी ते धुळ्याला आले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथंच गेले; त्यांचं दप्तर सांभाळायला पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ निघालं. हा माणूस इंग्रजी उत्तम जाणत असूनही हट्टानं मराठीतच लिहीत राहिला. त्यांनी गावोगाव पायपीट करून माळ्यांवरून, पेट्यांतून जे कागदांचे रुमाल मिळवले, ते मोडीत होते.

मोडी कागद बाळबोधात छापायचा म्हणजे काय करावं लागतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. सलग अक्षरांची ओळ समोर असते. आधी शब्द तोडायचे. मग वाक्यं. एक नमुना मी स्वतःच रचला आहे, कुठल्या दप्तरातला नाही : 'फौजआलीनाहीतररसदपाठवणे'. याचे शब्द तोडणं सोपं. पण टिंब कुठं? 'फौज आली नाही, तर रसद पाठवणे' असं वाचलं तर ती अट आहे; फौज अजून यायची आहे. 'फौज आली नाही. तर रसद पाठवणे' असं वाचलं तर ती बातमी आहे. फौज आलेलीच नाही आणि आता रसद तरी पाठवा. एका टिंबानं एका सरदाराचा वेळेवर पोचण्याचा हक्क जातो. मूळ लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडला नव्हता, कारण ज्याला पत्र गेलं त्याला फौजेचं ठाऊक होतं. दीडशे वर्षांनी कंदिलाच्या उजेडात ते वाचणाऱ्या संशोधकाला तो पडतो, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. छापील पानावरचं ते टिंब संशोधकाचं मत असतं. वाचक मात्र ते पेशव्यांचं समजून चालतो.

इथून तुरुंगाकडे वळतो, कारण या विषयाचा गाभा मला तिथं सापडतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते आणि साने गुरुजीही. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर सत्याग्रही कैदी. विनोबा बोलत आणि गुरुजी लिहून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' तयार झालं, जे पुढे देशातल्या बहुतेक भाषांत गेलं.

आता त्या रविवारी काय घडत होतं याचा विचार करा. ध्वनिमुद्रण नाही. बोलणारा थांबतो, वळतो, दृष्टान्त देतो, पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. बोलताना कुणी 'पूर्णविराम' म्हणत नाही. लिहिणारा कोण, तर अमळनेरच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांना शिकवलेला, पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिणारा माणूस. गुरुजींचं स्वतःचं गद्य तुम्ही वाचलेलं आहे : छोटी वाक्यं. कर्ता, क्रियापद, टिंब. पुन्हा कर्ता, क्रियापद, टिंब. 'गीता प्रवचने' उघडा आणि मोठ्यानं वाचा. विचाराची मांडणी, दृष्टान्तांची निवड, गणिती नेमकेपणा, हे सगळं विनोबांचं. पण वाक्य जिथं संपतं, ती जागा मला बऱ्याचदा गुरुजींची वाटते. विचार विनोबांचा आणि दम गुरुजींचा. नंतर विनोबांनी तो मजकूर पाहिला, मान्य केला, म्हणजे ते टिंब त्यांनी आपलं म्हणून घेतलं. गीतेवरची टीका म्हणून आपण ते पुस्तक वाचतो. त्या टीकेवरची आणखी एक टीका त्याच पानांत टिंबांच्या रूपानं आहे. आणि त्याच पुस्तकाचा हिंदी अनुवाद हातात घेतलात तर गुरुजींच्या टिंबांच्या जागी दंड उभे आहेत. सातपुडा ओलांडताना तेवढा वेशपालट झाला.

जळगावकडची गोष्ट याहून नाजूक आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, मृत्यू ३ डिसेंबर १९५१. अक्षरओळख नाही. घरोट म्हणजे जातं फिरवताना, शेतात, चुलीपाशी सुचलेलं म्हणायच्या; मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ते उतरवून घ्यायचे. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक निघालं. त्यातली एकही खूण बहिणाबाईंनी हातानं काढलेली नाही. स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, सगळी लिहून घेणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची. जात्यावरच्या ओवीला खुंट्याच्या फेऱ्यानं ताल मिळतो. जिथं हात वर येतो तिथं आवाज वर येतो. कागदावर तिथं काय लावणार? सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांच्या पिढीला उद्गारचिन्हाचं वेड होतं. १९०७ मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, धरणगावचे बालकवी तिथूनच पुढे आले, आणि त्या काळच्या मराठी कवितेत उद्गारचिन्हं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उघडलेली असत. तेव्हा बहिणाबाईंच्या ओळीशेवटी उद्गारचिन्ह दिसलं की मी जरा सावध होतो. ती बाई खरंच तिथं आश्चर्य करत होती, की शांतपणे एक गोष्ट सांगत होती? मला तिचं बोलणं बहुतेक ठिकाणी शांत वाटतं. म्हणून तिच्या ओळी वाचून दाखवणाऱ्या मुलामुलींना मी सांगतो की चिन्हं झाकून एकदा म्हणून पाहा.

छापखान्याच्या काळाबद्दल एकच गंमत सांगतो. खिळे जुळवणाऱ्यांना टिंबाचा त्रास दोन्हीकडून होता, ओळीच्या खाली पूर्णविराम आणि ओळीच्या वर अनुस्वार. 'मीं तें काम केलें' असं लिहायचा जमाना. त्यातलं एक टिंब गळलं तर वाचक पत्र लिहायचा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. वरची टिंबं हजारोंनी गेली आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. खालच्या टिंबाला कुणी हात लावला नाही. परक्या घरून आलेलं ते टिंब एवढ्यात घरचं होऊन बसलं होतं.

आता संगणकावर दोघं पुन्हा शेजारी आले आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर एकाच कळीवर टिंब आहे आणि शिफ्ट दाबली की दंड. युनिकोडमध्ये दंडाला देवनागरीच्या विभागात स्वतःची जागा मिळाली आणि बंगालीपासून पंजाबीपर्यंत सगळे तीच वापरतात. आपलं टिंब मात्र इंग्रजीचंच. मोबाइलवर पोरं तेही देत नाहीत. संदेश पाठवला की वाक्य संपलं. उलट कुणी 'ठीक आहे.' असं टिंबासकट लिहिलं तर समोरच्याला वाटतं हा रागावला. जुन्या मोडी पत्रासारखंच झालं : शिक्का म्हणजे पाठवण्याचं बटण. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मात्र आपण टिंबांची आणि उद्गारचिन्हांची सगळी कसर भरून काढतो, त्याबद्दल इथल्या चौकांत फिरणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

शेवटी एक विनंती, ज्यांना ती लागू पडते त्यांच्यापुरती. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सध्या अहिराणी गाणी, कहाण्या, म्हणी गोळा करण्याचं काम जोरात आहे आणि ते चांगलं आहे. मोबाइलवर आवाज टिपता येतो, तो पुसू नका. पुस्तक छापून झाल्यावरही नाही. कानबाईची गाणी कागदावर उतरवताना बाया जिथं श्वास घेतात तिथं ओळ तोडा आणि टिंबांचा मोह आवरा. आणि पुस्तकात सांगणाऱ्या आजीचं नाव घालता, तसंच विरामचिन्हं कुणी घातली त्याचंही नाव घाला, म्हणजे पन्नास वर्षांनी एखाद्या टिंबाशी भांडायचं असलं तर कुणाशी भांडायचं ते वाचणाऱ्याला कळेल.